घर विकत घेतलं, शाळेची हद्द नाही

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत अमेरिकेत नव्याने आलेल्या जोडप्याला दोन सल्ले हमखास मिळतात. भाजी आणि कणीक कुठून आणायची, आणि भाड्याचं घर सोडताना कुठल्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये घर बघायचं. दुसऱ्या सल्ल्याला लगेच फाटे फुटतात. डिस्ट्रिक्ट चांगलं आहे, पण या एलिमेंटरीचं, म्हणजे प्राथमिक शाळेचं, रेटिंग दहापैकी सात, मोठा रस्ता ओलांडलात की नऊ. मिडल स्कूल कुठलं लागतं यासाठी एजंटच्या शब्दावर जाऊ नका, डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर पत्ता टाकून स्वतः बघा. भाड्याच्या अपार्टमेंटमधली मुलं ज्या शाळेत जातात ती शक्यतो टाळा. हा शेवटचा सल्ला जरा आवाज खाली आणून दिला जातो.

मूल कधी पाळण्यात असतं, कधी झालेलंही नसतं. तरी आईवडील तीस वर्षांचं कर्ज शाळेच्या हद्दीच्या त्या एका रेघेवर नजर ठेवून उचलतात. त्यांना नावं ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा काढणारी माणसं आपण आहोत आणि मला त्याचा अभिमान वाटतो. माझा आक्षेप त्याच्या पुढच्या समजुतीला आहे. घराची किंमत मोजली म्हणजे शाळाही घेतली, आता ती रेघ आपल्या मालकीची, असं आपण धरून चालतो. ती रेघ सरकारने आखलेली असते, सगळ्यांच्या करातून चालणाऱ्या शाळांसाठी आखलेली असते, आणि ती कुठे असावी हे ठरवताना पलीकडच्या मुलाचा हक्क आपल्या मुलाइतकाच असतो. घराच्या खरेदीखतात स्वयंपाकघर येतं, अंगण येतं. शाळेची हद्द येत नाही.

या रेघा दोन तऱ्हेच्या आहेत आणि बोलताना आपण त्यांची सरमिसळ करतो. स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे शाळांपुरतं एक स्वतंत्र सरकारच. त्याचं बहुतेक ठिकाणी निवडून आलेलं बोर्ड, त्याचं बजेट, आणि त्या बजेटचा मोठा भाग घरांवरच्या प्रॉपर्टी टॅक्समधून. देशात अशी तेरा हजारांहून अधिक डिस्ट्रिक्ट आहेत. डिस्ट्रिक्टच्या आत पुन्हा प्रत्येक शाळेचा इलाखा ठरलेला असतो, या पत्त्यांवरची मुलं या शाळेत. पहिली रेघ हलवायला कायदा किंवा कोर्ट लागतं. दुसरी रेघ बोर्ड एका संध्याकाळी मतदान घेऊन हलवू शकतं. पुण्या-मुंबईत वाढलेल्या माणसाला हे सगळं नवीन असतं. तिथे डोनेशन असतं, ओळखी असतात, स्कूलबसमधला तासभर असतो, पण नुसत्या पत्त्यावर शाळा ठरत नाही. इथे ठरते.

आणि म्हणून पत्त्याला भाव येतो. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९९९ मध्ये बॉस्टनच्या उपनगरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी शाळांच्या हद्दीला लागून असलेली दोन्ही बाजूंची घरं घेतली. वस्ती तीच, दुकानं तीच, फक्त एलिमेंटरी शाळा वेगळी. परीक्षेचे गुण पाच टक्क्यांनी जास्त असलेल्या शाळेच्या बाजूचं घर पालक साधारण अडीच टक्के जास्त देऊन घेत होते. म्हणजे सरकारने नकाशावर काढलेल्या रेघेची बाजारात किंमत लागते, आणि ती किंमत घरमालकाच्या खिशात जाते. त्याने शाळेत एक वीटही लावलेली नसते. ज्याला ती किंमत परवडत नाही त्याचं मूल रेघेच्या दुसऱ्या बाजूला राहतं, एवढाच त्याचा दोष.

रेघ आणि कर यांची गाठ किती घट्ट असते हे टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत कोर्टासमोर आलं होतं. एजवूड हे गरीब, बहुतांश मेक्सिकन वंशाच्या लोकांचं डिस्ट्रिक्ट. अलामो हाइट्स त्याच शहरातलं श्रीमंत डिस्ट्रिक्ट. १९६७-६८ साली एजवूडचे लोक घराच्या दर शंभर डॉलर मूल्यांकनामागे १ डॉलर ५ सेंट कर भरत होते, अलामो हाइट्सचे ८५ सेंट. जास्त दराने कर भरूनही एजवूडच्या हाती स्थानिक करातून दर विद्यार्थ्यामागे २६ डॉलर पडत, अलामो हाइट्सच्या हाती ३३३. राज्य आणि केंद्राची मदत मिळवली तरी ३५६ विरुद्ध ५९४. कारण उघड आहे, एजवूडची घरंच स्वस्त होती. हवाई दलाच्या तळावर पत्र्याचं काम करणारे डेमेट्रिओ रॉड्रिगेझ यांनी इतर पालकांबरोबर दावा लावला. १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी तो फेटाळला. अमेरिकन राज्यघटनेत शिक्षण हा मूलभूत हक्क म्हणून लिहिलेला नाही, असं बहुमताचं म्हणणं पडलं. तेव्हापासून ही लढाई एकेका राज्याच्या कोर्टात लढली जाते.

आपल्या ओळखीचं राज्य घेऊ. न्यू जर्सीत मराठी माणूस नाही असं उपनगर शोधावं लागेल. या राज्यात ५६४ नगरपालिका आणि जवळपास सहाशे स्कूल डिस्ट्रिक्ट. मेरीलँडमध्ये, जिथे मी राहतो, सगळ्या राज्यात मिळून २४. तेवीस काउंट्यांची, म्हणजे जिल्ह्यांची, तेवीस आणि बाल्टिमोर शहराचं एक. लोकसंख्येत न्यू जर्सी मेरीलँडच्या दीडपट आहे, पण शाळांच्या कुंपणांची संख्या पंचवीसपट. हा आकडा मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुलं दोन्ही राज्यांत सारखीच आहेत, कायद्याचं पुस्तकही फार वेगळं नाही, पण कुंपणं किती आणि कुठे घालायची हा निर्णय माणसांनी वेगळा घेतला.

ट्रेंटनला न्यूयॉर्कच्या गाडीत बसलं की हॅमिल्टननंतरचं स्टेशन प्रिन्स्टन जंक्शन. हे स्टेशन वेस्ट विंडसरमध्ये येतं. सकाळी त्या फलाटावर उभं राहिलं तर मराठी, तेलुगू, गुजराती सगळं कानावर पडतं. ट्रेंटन आणि वेस्ट विंडसर एकाच मर्सर काउंटीत आहेत. काउंटीचं कोर्ट एक, तुरुंग एक, कॉलेज एक, उद्यानं एक. शाळा मात्र दोन वेगळ्या जगांतल्या. ट्रेंटनच्या शाळांत गरीब, काळी आणि लॅटिनो मुलं, वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो या जोड डिस्ट्रिक्टमध्ये मोठ्या संख्येने आपली आणि चिनी मुलं. मधली रेघ नदीने आखली नाही की डोंगराने.

न्यू जर्सीने पैशाच्या बाबतीत पुष्कळ केलं, ते मान्य करायला हवं. अ‍ॅबट विरुद्ध बर्क या १९८० च्या दशकात सुरू झालेल्या खटल्यांच्या मालिकेमुळे राज्यातल्या ३१ गरीब डिस्ट्रिक्टना राज्याकडून मोठा निधी मिळू लागला, ट्रेंटनही त्यांत आहे. देशात इतकं करणारी राज्यं थोडी आहेत. पण पैसा पोचवून रेघ तशीच ठेवली की काय होतं तेही तिथेच दिसतं. गरीब मुलं गरीब मुलांबरोबर, श्रीमंत मुलं श्रीमंतांबरोबर, फक्त इमारत थोडी बरी. २०१८ मध्ये लॅटिनो आणि काळ्या समाजाच्या संघटनांनी आणि पालकांनी याच मुद्द्यावर राज्यावर दावा लावला. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायाधीशांनी अनेक डिस्ट्रिक्टमध्ये वांशिक विषमता असल्याचं मान्य केलं, पण संपूर्ण राज्याची व्यवस्था घटनाबाह्य ठरवली नाही.

न्यू जर्सीत रेघ पुसून दाखवलेलं एक उदाहरण आहे, आणि आपल्या लोकांत त्याची चर्चा मी कधी ऐकली नाही. मॉरिसटाउन हे छोटं शहर आणि त्याला चहूबाजूंनी वेढणारी मॉरिस टाउनशिप. पूर्वी दोघांची डिस्ट्रिक्ट वेगळी होती, पण टाउनशिपची मुलं हायस्कूलला मॉरिसटाउनलाच जात. १९६० च्या दशकाअखेर टाउनशिपने स्वतःचं हायस्कूल काढायचं ठरवलं. तसं झालं असतं तर टाउनशिपची गोरी मुलं निघून गेली असती आणि मॉरिसटाउनच्या शाळेत काळ्या आणि गरीब मुलांचं प्रमाण वाढत गेलं असतं. प्रकरण न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टात गेलं. १९७१ मध्ये कोर्टाने सांगितलं की राज्याच्या शिक्षण आयुक्तांना ही रेघ ओलांडण्याचा अधिकार आहे, गरज पडल्यास दोन डिस्ट्रिक्ट एक करण्याचाही. आयुक्तांनी ती एक केली. मॉरिस स्कूल डिस्ट्रिक्ट आजही चालू आहे. त्यांनी लहान मुलांसाठी शाळांच्या जोड्या लावल्या, बालवाडी ते दुसरी एका इमारतीत आणि तिसरी ते पाचवी दुसऱ्या, म्हणजे कुठल्याही एका वस्तीची वेगळी शाळा उरत नाही. पुढे सगळ्यांना एकच मिडल स्कूल आणि एकच हायस्कूल.

जोड्या लावण्याची ही युक्ती जुनी आहे. १९४८ मध्ये प्रिन्स्टनने काळ्या मुलांची शाळा आणि गोऱ्या मुलांची शाळा अशीच एकत्र केली होती. धाकटी सगळी एका इमारतीत, मोठी सगळी दुसऱ्या. त्याला पुढे देशभर प्रिन्स्टन प्लॅन म्हणू लागले. प्रिन्स्टनच्या आसपास घर घ्यायला धडपडणाऱ्या आपल्यातल्या कितीजणांना हे ठाऊक असेल?

मॉरिसटाउननंतर तीनच वर्षांनी, जुलै १९७४ मध्ये, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने डेट्रॉइटच्या खटल्यात नेमका उलटा निकाल दिला. खालच्या कोर्टाने डेट्रॉइट आणि भोवतालची ५३ उपनगरी डिस्ट्रिक्ट मिळून मुलांची एकत्र सोय करायला सांगितली होती. सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ते रद्द केलं. उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध झाल्याशिवाय त्यांची हद्द ओलांडता येणार नाही, असा त्याचा अर्थ. वीस वर्षांपूर्वी ब्राऊन खटल्यात वकील म्हणून वेगळ्या शाळा बेकायदा ठरवून घेणारे थर्गुड मार्शल आता न्यायाधीशाच्या खुर्चीत होते. त्यांनी विरोधी निकालपत्रात इशारा दिला की आपली महानगरं अशाने दोन शहरांत विभागली जातील, एक गोऱ्यांचं आणि एक काळ्यांचं, आणि लोकांना त्याचा पुढे पश्चात्ताप होईल. ज्यांना वेगळं राहायचं होतं त्यांना या निकालाने रस्ता दाखवला. मुलांना दारात अडवण्याची गरज उरली नाही. उपनगराची हद्द ओलांडून घर घेतलं की काम झालं. आपण मराठी माणसं त्यानंतर आलो. या भानगडीत आपला हात नव्हता. पण त्या हद्दीमुळे मिळणारा फायदा आपण रोज घेतो, म्हणून तिच्याबद्दल बोलणंही आपल्याकडे येतं.

रेघेचं रक्षण किती टोकाला जातं ते ओहायोत दिसलं. अ‍ॅक्रन शहरात सरकारी घरात राहणाऱ्या केली विल्यम्स-बोलर या काळ्या आईने आपल्या दोन मुलींना स्वतःच्या वडिलांचा पत्ता देऊन शेजारच्या कॉप्ली-फेअरलॉन डिस्ट्रिक्टच्या शाळेत घातलं. आजोबांचं घर खरंच तिथे होतं. डिस्ट्रिक्टने खाजगी तपासनीस लावून तिचं चित्रीकरण केलं. सुमारे तीस हजार डॉलर फीची मागणी झाली, फौजदारी खटला चालला, आणि जानेवारी २०११ मध्ये तिने नऊ दिवस तुरुंगात काढले. गव्हर्नरांनी त्याच वर्षी तिचे गुन्हे सौम्य केले. मुलींना शाळेत घातल्याबद्दल आई तुरुंगात. त्याच सुमारास त्याच रेघेच्या आत घर घेणाऱ्याचं मात्र सगळे अभिनंदन करत असतील, पोराच्या भविष्याचा विचार केला म्हणून. दोघांची इच्छा एकच होती. फरक कर्जाला बँकेने हो म्हटलं की नाही एवढाच.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. आरटीईच्या २५ टक्के राखीव जागांसाठी घरापासून शाळेचं अंतर मोजलं जातं, एक किलोमीटर, तीन किलोमीटर. त्यासाठी खोटे भाडेकरार जोडल्याच्या आणि पालकांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या तिथेही येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला होता. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर तिथल्या खाजगी विनाअनुदानित शाळेला या जागा देण्यातून सूट. नकाशावर कंपासने एक वर्तुळ काढायचं आणि गरीब मुलाला त्या वर्तुळातच ठेवायचं, असा तो नियम होता. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो रद्द केला, ते फार बरं झालं. अंतराचा नियम वरवर निरुपद्रवी दिसतो. तो कुणाच्या सोयीने लावला जातो ते बघावं लागतं.

आता रेटिंगकडे येतो, कारण सगळी घासाघीस त्या आकड्यासाठी चालते. नऊ रेटिंगच्या शाळेत खरंच नऊ रेटिंगचं शिकवतात का? रेटिंगचा मोठा भाग परीक्षेच्या गुणांवर असतो, आणि परीक्षेच्या गुणांवर आईवडिलांच्या शिक्षणाची आणि उत्पन्नाची गडद सावली असते. १९६६ मध्ये जेम्स कोलमन यांचा अहवाल आला, सहा लाखांहून जास्त विद्यार्थ्यांची पाहणी करून. त्यात हेच पुढे आलं होतं की घरची पार्श्वभूमी मुलांच्या यशाचा सर्वांत मोठा भाग सांगते. आपल्या वस्तीकडे पाहा. मंगळवारी कुमॉन, गुरुवारी रशियन मॅथ, शनिवारी बुद्धिबळ, रविवारी मराठी शाळा आणि तिथून परस्पर स्पेलिंग बीचा सराव. ही मुलं जिथे जातील तिथलं रेटिंग वर जाईल. आपण ज्या आकड्यासाठी लाखभर डॉलर जास्त मोजतो त्यात आपल्याच मुलांच्या क्लासची फी मिसळलेली असते. दोन्ही पालक इंजिनियर असलेल्या मुलाचं सहा रेटिंगच्या शाळेत वाटोळं होत नाही.

कोलमन यांच्या अहवालात आणखी एक गोष्ट होती. वर्गात शेजारी कोण बसतं याचा परिणाम गरीब घरातल्या मुलांवर जास्त होतो, सुस्थितीतल्या मुलांवर कमी. सरमिसळीने ज्याचा फायदा होतो त्याचा बराच होतो, आणि ज्याला तोटा होईल अशी भीती वाटते त्याचा फारसा होत नाही. आपल्या पालकसभांत हे कुणी बोलत नाही. चर्चा फक्त आपलं काय जाणार याची.

मेरीलँडच्या हॉवर्ड काउंटीत २०१९ मध्ये जे झालं ते आपल्या लोकांनी नीट लक्षात ठेवावं असं मला वाटतं. संपूर्ण काउंटी एक डिस्ट्रिक्ट आहे. बजेट एक, पगारश्रेणी एक, अभ्यासक्रम एक, कराचा दर एक. हद्द बदलल्याने कुणाच्या शाळेचा पैसा तोडला जाणार नव्हता. काही शाळा ठासून भरल्या होत्या, काहींत जागा होती, आणि सवलतीच्या जेवणाला पात्र असलेली, म्हणजे गरीब घरांतली, मुलं मोजक्याच शाळांत एकवटली होती. त्या ऑगस्टमध्ये सुपरिंटेंडेंटनी, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मुख्य अधिकाऱ्यांनी, साधारण ७,४०० मुलांच्या शाळा बदलण्याचा प्रस्ताव मांडला. नकाशावर काउंटीचे छोटे छोटे तुकडे पाडलेले असतात, त्यांना पॉलिगॉन म्हणतात, प्रत्येकाला नंबर. काही आठवड्यांत लोक एकमेकांची ओळख त्या नंबराने करून देऊ लागले. ज्या कॉलनीत दहा वर्षं राहून शेजाऱ्याचं आडनाव माहीत नव्हतं तिथे पॉलिगॉनचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाले. एका रंगाचे टी-शर्ट, हातात फलक, सुनावण्या रात्री उशिरापर्यंत.

आणि हे घडत होतं याच काउंटीतल्या कोलंबियात. जेम्स राऊस यांनी १९६७ मध्ये हे शहर वसवलं तेच मुळी सगळ्या वर्णांच्या आणि उत्पन्नांच्या लोकांनी शेजारी राहावं म्हणून. त्याच्या पहिल्या वस्तीत, वाइल्ड लेकमध्ये, सवलतीच्या जेवणाची मुलं खूप. शेवटच्या वस्तीत, रिव्हर हिलमध्ये, फारच थोडी. मोठा वाद या दोन नावांच्या हायस्कूलांभोवती फिरला.

सुनावण्यांत बोलणाऱ्यांत भारतीय आणि चिनी पालक पुष्कळ होते. त्यांचे काही मुद्दे रास्त होते आणि मी ते मनापासून मान्य करतो. चालत जाता येईल अशी शाळा सोडून बसने दूरच्या शाळेत का जायचं? एका मुलाची एलिमेंटरीत एकदा हद्द बदलली, मिडल स्कूलला पुन्हा बदलली, आता हायस्कूलला तिसऱ्यांदा, त्याच्या मैत्रीचं काय? अकरावीतल्या मुलीने नव्या शाळेत जाऊन कॉलेजसाठी शिफारसपत्र कुणाकडून आणायचं? या प्रश्नांना बोर्डाने नीट उत्तर द्यायला हवं होतं. पण त्याच तोंडाने दुसरं वाक्यही बोललं जात होतं आणि खाजगीत ते मी मराठीतही ऐकलं: आम्ही त्या शाळेसाठी पैसे मोजलेत. हा मुद्दा मला मान्य नाही. पैसे मोजले ते आधीच्या घरमालकाला. काउंटीला जो कर दिला तो त्याच दराने वाइल्ड लेकच्या माणसानेही दिला.

नोव्हेंबरात बोर्डाने पाच हजारांहून अधिक मुलांच्या बदलाला मंजुरी दिली. घरांच्या किमती कोसळतील, शाळा बुडतील, असं भाकीत केलं गेलं होतं. काउंटी आजही राज्यातल्या सर्वांत सुखवस्तू काउंट्यांपैकी एक आहे, आणि जेसपला २०२३ मध्ये गिलफर्ड पार्क हे नवं हायस्कूल उघडलं तेव्हा हद्दी पुन्हा बदलल्याच. लोक राहतात तिथे मुलं वाढतात, घटतात, शाळा भरतात, ओस पडतात. कॅलिफोर्नियात कुपर्टिनोचं उदाहरण आहेच. शाळांसाठी घरं इतकी महागली की लहान मुलांच्या आईबापांना तिथे घर घेणं परवडेना, विद्यार्थी कमी झाले आणि एलिमेंटरी शाळाच बंद कराव्या लागल्या. हद्द हलतेच. प्रश्न एवढाच की ती कुणाच्या दडपणाने हलते.

दडपण कुणाचं असतं ते कॅलिफोर्नियातल्याच फ्रीमाँटमध्ये २००० च्या सुमारास दिसलं. बोर्डाने मिशन सॅन होजे हायस्कूलच्या हद्दीतला एक भाग इरव्हिंग्टन हायस्कूलला जोडायचं ठरवलं, तेव्हा तिथल्या पालकांनी, ज्यांत आशियाई कुटुंबं मोठ्या संख्येने होती, वेगळं डिस्ट्रिक्ट काढून फुटून निघण्याची मोहीम चालवली. ती यशस्वी झाली नाही. पण नव्या देशात आलेल्या, स्वतः अल्पसंख्य असलेल्या लोकांना दुसऱ्या शाळेतल्या मुलांपासून फुटून निघावंसं वाटलं, हे वाचून मला वाईट वाटतं. आपल्याकडे गावकुसाबाहेरची वस्ती काय असते हे सांगायला कुणी परका लागत नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सगळ्यांच्या शाळेत घ्यायला लावलं. अमेरिकेतल्या ब्राऊन निकालाच्या पस्तीस वर्षं आधी. वेगळी शाळा बरोबरीची होऊ शकत नाही हे आपल्या माणसाने इतक्या लवकर ओळखलं होतं. मंडळाच्या कार्यक्रमात आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो. तो हार घालणाऱ्याने पॉलिगॉनच्या सुनावणीत काय बोलावं, यावर मला वाटतं फार विचार करावा लागू नये.

बसचा आक्षेप मात्र मी बाजूला सारत नाही. सहा वर्षांच्या मुलाला पाऊण तास बसमध्ये बसवणं चूक आहे आणि ते करायची गरजही नाही. एलिमेंटरी घराजवळ असावी, शक्यतो चालत जाण्याजोगी, आणि जिथे दोन वस्त्या शेजारी आहेत तिथे मॉरिसटाउनसारखी जोडी लावावी. हायस्कूलची मुलं सोळाव्या वर्षी गाडी चालवतात, फुटबॉलच्या सामन्याला तासभर लांब जातात, रोबोटिक्सच्या स्पर्धेला दुसऱ्या राज्यात जातात. वाइल्ड लेक त्यांना दूर पडत नाही. म्हणून हद्दीची सरमिसळ मिडल आणि हायस्कूलला जास्त असावी. न्यू जर्सीत निदान हायस्कूल तरी काउंटीच्या पातळीवर एकत्र चालवावीत. फ्लोरिडात सगळं राज्य ६७ काउंटी डिस्ट्रिक्टवर चालतं, म्हणजे हे स्वप्नरंजन नाही. काही सुपरिंटेंडेंटांचे पगार वाचतील तो वेगळाच फायदा.

हद्द केव्हा बदलणार याचं वेळापत्रकही आधीच ठरलेलं असावं. ठरावीक वर्षांनी फेरविचार होणारच, असा नियम करून ते घर घेणाऱ्याला व्यवहाराच्या वेळी लेखी सांगितलं पाहिजे. मग कुणाला फसवणूक झाल्यासारखं वाटणार नाही आणि रेघेचा भावही आपोआप उतरेल. अकरावी-बारावीतल्या मुलांना आहे त्या शाळेत पूर्ण करू द्यावं, आणि हद्दबदलामुळे एका मुलाची शाळा बारा वर्षांत फार तर एकदाच बदलावी, त्याहून जास्त नाही. पत्त्याच्या खोटेपणासाठी फौजदारी खटला कुणावरही होऊ नये. हिशेब करायचा असेल तर दिवाणी करावा, आईला तुरुंगात घालू नये.

आणि सुनावण्या. त्या सातला सुरू होतात, शाळेच्या सभागृहात, इंग्रजीत, नाव आधी ऑनलाइन नोंदवून. आपल्याला ते जमतं. घरून काम असतं, मुलांना आजी-आजोबा सांभाळतात, प्रेझेंटेशन करण्याची सवय असते. त्या वेळी गोदामात दुसरी पाळी करणारा, रात्री ऑफिसं झाडणारी, दोन बस बदलून येणारी बाई तिथे पोचत नाही. बोर्डापुढे मग शंभर पालक एका बाजूचे आणि दोन दुसऱ्या बाजूचे दिसतात, आणि लोकमत म्हणून त्याचीच नोंद होते. बोर्डाने निम्म्या सुनावण्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्सच्या क्लबहाऊसमध्ये घ्याव्यात, शनिवारी दुपारी, स्पॅनिश दुभाषा आणि मुलं सांभाळायची सोय ठेवून. हे मागणारं पत्र कुठल्याही मराठी मंडळाच्या कार्यकारिणीला या महिन्याच्या बैठकीत मंजूर करता येईल. आपल्या कित्येक मराठी शाळा रविवारी याच पब्लिक स्कूलच्या वर्गांत भरतात, त्यामुळे पत्र कुणाला द्यायचं ते शोधायलाही फार लांब जावं लागणार नाही.